गेल म्हणजे दहा

कविता मागितली होती तुम्ही. कविता नंतर देईन. आधी एका चुकीचा हिशेब द्यायचाय. चूक माझी, आणि तिची किंमत भरली दुसऱ्यानं.

मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. शाळेत असताना मी 'पानी' म्हणालो म्हणून एका मास्तरानं मला वर्गासमोर उभं केलं आणि पाटीवर शंभर वेळा 'पाणी' लिहायला लावलं. लिहिता लिहिता तहान लागली. पण उठून मागायची छाती झाली नाही. तोंडातून पुन्हा 'पानी'च निघालं तर? त्या दिवशी कळलं की भाषा नुसती बोलायची गोष्ट नसते, तिच्या दारात पहारेकरी बसवलेला असतो. पुढे नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हातात पडला. १९७२ सालचं ते पुस्तक. पांढरपेशा वाचक पानोपानी अडखळत होता तिथं मी धाडधाड वाचत गेलो, कारण ते शब्द माझ्या गल्लीचे होते. वाटलं, झालं, भाषेचा किल्ला आपण सर केला. आता आपल्याला कोण शिकवणार?

ही मिजास उतरली चिखलदऱ्याला.

गेल्या पावसाळ्यात गोदीतलं आमच्या ठेक्याचं काम सुटलं. कंटेनर आल्यापासून हे नेहमीचंच. पूर्वी जिथं टोळ्याच्या टोळ्या राबायच्या तिथं आता क्रेनवर एक माणूस आणि खाली चार. परतवाड्याला माझा मावसभाऊ गवंडीकाम करतो. तो म्हणाला, वर चिखलदऱ्याला एका हॉटेलाची दगडी भिंत चालू आहे, ये. गेलो. घाट चढून साडेतीन हजार फुटांवर. पुस्तकातला चिखलदरा सगळ्यांना ठाऊक आहे : भीमानं कीचकाला मारून फेकला ती दरी, १८०३ साली इंग्रजांनी घेतलेला गाविलगड, कॉफीचे मळे, धुकं, पॉइंटावर कणीस खाणारी नवी जोडपी. ज्या माणसांनी हे डोंगर अंगावर वागवले ती कोरकू माणसं त्या पुस्तकात नाहीत. असली तर एका चित्रात, टोपली घेऊन.

कामावर तीसेक माणसं होती, बहुतेक कोरकू. बरेच जण हिंदी चांगली बोलायचे, काही जणांना मराठीही यायची. पण आतल्या गावांतून आलेली काही माणसं अशी होती की त्यांची मराठी वीस-पंचवीस शब्दांची. आणि माझी कोरकू? शून्य शब्दांची. पण अडाणी कोण ठरलं? ती.

पहिल्या आठवड्यात एक म्हातारा माझ्याजवळ येऊन बसला. मी कुठला, काय करतो, हे त्याला पाहिजे होतं. तोवर मला पाच-सहा शब्द मिळाले होते. डा म्हणजे पाणी. उरा म्हणजे घर. सिता म्हणजे कुत्रा. ह्या शब्दावर पहिल्या दिवशी मी दचकलो होतो आणि तीसच्या तीस माणसं हसली होती. आता एवढ्या भांडवलावर समुद्र सांगायचा कसा? मी म्हणालो, "डा." मग हात पसरून म्हणालो, "डा, डा, डा." म्हाताऱ्यानं खालच्या दरीकडं बोट केलं, एवढं? मी मान हलवली, त्याच्याहून जास्त. खिशातल्या पुडीतलं मीठ जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. तो गंभीर झाला. एवढं पाणी, आणि पिता येत नाही. मग मी दोन हातांची होडी करून ती डोलवली आणि म्हणालो, "डा-उरा." पाण्याचं घर. जहाज.

हा शब्द कोरकूत आहे की नाही ह्याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. तो त्या घटकेला आमच्या दोघांच्यात जन्मला. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं काम मला 'डाउरा' म्हणून हाक मारायला लागलं. दहा वर्षं कविता करतोय मी, पण एवढा खरा शब्द माझ्या हातून क्वचित पडला असेल. मराठीत माझ्याजवळ जहाज आहे, गलबत आहे, तारू आहे, नौका आहे. एकदाही मी जहाजाकडं पाण्याचं घर म्हणून पाहिलं नव्हतं. शब्द होते, त्यामुळं पाहायची गरजच पडली नाही.

उलट्या बाजूनंही देवाणघेवाण झाली. भिंतीचे मोठे दगड आम्ही कप्पीवर दोर टाकून चढवत होतो. सवयीनं मी गोदीतलं ओरडलो, "हबेस!" म्हणजे उचल. "आरिया!" म्हणजे सोड, खाली घे. हा आरिया पोर्तुगीज खलाशांकडून आलेला शब्द. वीस देशांची जहाजं, दहा मुलखांचे खलाशी, आणि डोक्यावर टनाचं ओझं लटकलेलं. तिथं व्याकरण बघत बसलं तर माणूस चिरडतो. म्हणून दोन शब्द आणि दोन हात. दोन दिवसांत कोरकू पोरं 'आरिया' असं ओरडायला लागली जशी काय माझगावात जन्मलीत. संध्याकाळी भाकरीचा घास पोटात उतरला की एकजण पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "आरिया." हा त्यानं केलेला विनोद होता, नव्या भाषेत, एका शब्दाच्या शिदोरीवर.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. इथंच थांबलो तर पर्यटक आणि माझ्यात फरक काय? पुढं ऐका.

हजेरी मांडणारा कारकून वही अर्धवट टाकून निघून गेला. मुकादमानं पाहिलं, हा बंबईवाला मॅट्रिक आहे. वही माझ्याकडं आली. मागच्या पंधरवड्याच्या हजेऱ्या एकेकाला विचारून मांडायच्या होत्या. मी बाकड्यावर बसलो, कानाला पेन्सिल. सांगायला लाज वाटते, पण खरं सांगतो : बरं वाटलं. पहिल्यांदाच वही माझ्या बाजूला होती.

एक बाई आली. तिचा भाऊही कामावर होता, पण तापानं फणफणून गावी गेलेला. मी विचारलं, "तुझा भाऊ? किती दिवस?" ती म्हणाली, "गेल."

मी लिहिलं : गेला. पुढं रेघ.

काम अर्धवट सोडून जाणाऱ्याला पैसे नाहीत, असा तिथला कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण चालतो. शनिवारी वाटप झालं तेव्हा भावाच्या नावापुढं काही निघालं नाही. बाई हलेना. तिनं आपली मराठी गोळा केली, एकेक शब्द जसा काय नदीतून गोटा उचलावा तसा, आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"माझा भाऊचा दिवस तुझी वही मेली."

मुकादम खदखदून हसला. "वही कायले मरते वं बाई? 'माह्या भावाचे दिवस तुह्या वहीत मेले' असं म्हन. पह्यले मराठी शिक, मंग पैसे माग!" सगळे हसले. आणि दोस्तहो, मीही हसलो.

मी. 'पानी'वाला.

बघा आता ही उतरंड. मुकादमाचं 'माह्या' आणि 'पह्यले' पुण्यात गेलं तर पुणं त्याला हसेल. मला मास्तर हसला. मुकादम कोरकू बाईला हसला. हसू वरून खाली गळत येतं आणि शेवटच्या पायरीवरच्या माणसाच्या मजुरीवर येऊन पडतं. मुकादमानं वाक्य दुरुस्त करून दिलं, चोख. हजेरी दुरुस्त केली नाही.

त्या रात्री शेकोटीपाशी म्हातारा एका पोराला मोजायला शिकवत होता. बोटं दुमडत : मिया, बारी, आफई, उफून, मोनोय, तुरुय, एय, इलार, आरेय... आणि दहावं बोट दुमडून म्हणाला : गेल.

मी उठून बसलो. गेल म्हणजे दहा. तिनं भावाचे दिवस सांगितले होते. मी विचारलं होतं, किती? तिनं अचूक उत्तर दिलं होतं, तिच्या भाषेत. मला फक्त माझीच भाषा ऐकू येत होती, म्हणून तिच्या दहामधून मी माझा 'गेला' काढला. दहा दिवस दगड वाहिलेला माणूस एका काना-मात्रेनं वहीतून नाहीसा केला.

सकाळी ठेकेदाराकडं गेलो. तासभर घासाघीस झाली. त्यानं दहातले सात दिवस मान्य केले. तीन कापले, न सांगता गेल्याबद्दल. त्या तीन दिवसांचे पैसे मी माझ्या मजुरीतून घातले. ह्यात मोठेपणा शोधू नका. घेतलेलं परत देण्याला दान म्हणत नाहीत.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. माझा भाऊचा दिवस तुझी वही मेली. मुकादमानं सुधारलेलं वाक्य शेजारी ठेवून पाहा. त्याच्यात वही सुखरूप आहे, मेले ते दिवस. बाईच्या वाक्यात वहीच मेली आहे. ज्या वहीत राबलेल्या माणसाचा दिवस सापडत नाही, ती वही मेलेलीच. तिला हे असंच म्हणायचं होतं का, की शब्द सापडले तसे ठेवले? मी तिला विचारलं नाही. विचारायला लागणारे शब्द माझ्याजवळ नव्हते. पण एवढं कळलं की थोडे शब्द असलेला माणूस भाषेवर जेवढे कष्ट करतो तेवढे आपण भरल्या कोठारातले लोक करत नाही. आपण तयार वाक्यं उचलतो. सभेतलं वाक्य, पोस्टरवरचं वाक्य, गेल्या अंकातलं वाक्य. आपल्या कितीतरी कविता शब्दांच्या सुबत्तेनं सुजल्यात. माझ्याही.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांनाही एक सांगून ठेवतो. थोड्या शब्दांचं कौतुक करणारे जगात पुष्कळ आहेत. ऑग्डेन नावाच्या इंग्रज पंडितानं १९३० साली साडेआठशे शब्दांची इंग्रजी काढली. कॅनडातल्या सोंजा लँग यांनी २००१ साली 'तोकी पोना' ही भाषा तयार केली, तिचे शब्द अवघे सव्वाशेच्या आसपास. शब्दाला शब्द जोडून त्यात लोक गप्पा मारतात, गाणी करतात. चांगलं आहे, मला आवडलं. माझा 'डा-उरा' त्याच जातीचा. पण ते लोक संध्याकाळी खेळ मिटवून आपल्या भरल्या भाषेत परत जातात, तिच्यातच पगार घेतात. कोरकू पोर पहिलीच्या वर्गात बसतं तेव्हा तो खेळ नसतो. फळ्यावर मराठी, पुस्तकात मराठी, छडीही मराठी. घरी ज्याला सगळं बोलता येतं ते पोर शाळेत मुकं होतं आणि रजिस्टरात 'मंद' म्हणून लागतं. दवाखान्यात तेच. कुठं दुखतं, कधीपासून, कसं : ठणकतं की जळतं की मुरडा येतो, ह्याला शब्द लागतात. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून उपासमारीवर, रस्त्यावर, डॉक्टरांवर बोलणं झालं, व्हायलाच पाहिजे. पण आई आणि डॉक्टर ह्यांच्यामध्ये भाषेची जी दरी आहे तिच्यावर पूल किती बांधले? थोड्या शब्दांत माणूस कवी होऊ शकतो. थोड्या शब्दांत माणूस मरूही शकतो. दोन्ही खरं.

आणि थोडे शब्द म्हणजे गरीब भाषा असं तर बिलकूल नाही. तिचे मराठी शब्द थोडे होते, कोरकू भरपूर. कोरो म्हणजे माणूस, त्याचं अनेकवचन कोरकू. म्हणजे नावातच माणसं आहेत. ही भाषा मुंडा कुळातली, त्या कुळाचं पार पश्चिमेकडचं टोक. तिची जवळची भावकी झारखंडात, संथाली-मुंडारी-हो. लांबची भावकी व्हिएतनाम आणि कंबोडियात. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, शेजार आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेश-महाराष्ट्र मिळून कोरकू बोलणारे सात लाखांवर भरले. संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकू अजून बाहेर आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा, हे घटनेचं ३५०क कलम १९५६ पासून सांगतंय. कागदावर 'गेल' लिहिलंय, सरकार 'गेला' वाचतंय.

ह्याच अमरावती जिल्ह्यात खाली सपाटीवर रिद्धपूर आहे. मराठी गद्याचा पाया ज्या लीळाचरित्रानं घातला, त्या तेराव्या शतकातल्या ग्रंथाशी ह्या गावाचं नाव जोडलेलं. ज्यांच्या त्या लीळा, ते चक्रधर स्वामी मूळचे गुजरातेतले. म्हणजे मराठी त्यांना आईच्या दुधातून मिळाली नव्हती. बाहेरून येऊन ते इथल्या बाया-बापड्यांच्या बोलीत बोलले आणि त्या बोलण्यातून आपलं गद्य उभं राहिलं. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मराठीचं विद्यापीठही रिद्धपूरलाच आलं. आनंद आहे. पण पायाचा दगड ज्यानं ठेवला तो भाषेतला पाहुणा होता, हे विसरून आपण डोंगरावरच्या माणसाला 'पहिले मराठी शिक' म्हणतो, तेव्हा आपण आपल्याच पायाला हसतो.

बुद्धाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. दोघा ब्राह्मण भिक्खूंनी विचारलं, लोक तुमचं वचन आपापल्या बोलीत बिघडवतात, ते छंदसात बांधून ठेवू का? बुद्धानं त्यांना झापलं आणि ज्याच्या त्याच्या बोलीत सांगायची मोकळीक ठेवली. बाबासाहेब आयुष्याच्या उतारावर, आजारपणात, पाली शिकत राहिले, पालीचा शब्दकोश करत बसले. ज्या माणसाच्या इंग्रजीपुढं भले भले चळाचळा कापायचे, त्याला नव्या भाषेत विद्यार्थी व्हायची लाज वाटली नाही. मग आपल्याला कसली लाज वाटते?

शेवटची गोष्ट. तिथल्या एका शिकलेल्या कोरकू पोराकडून समजली. कोरकूत 'आम्ही' दोन आहेत. 'आले' म्हणजे आम्ही, तू सोडून. 'आबुंग' म्हणजे आपण, तूही त्यात. मी उडालो, कारण मराठीतही अगदी हेच आहे : आम्ही आणि आपण. इंग्रजीला हा फरक एका शब्दात करता येत नाही, आपल्याला येतो. आपल्या चळवळीनं 'आम्ही' हा शब्द फार जोरात म्हटला. म्हणायलाच पाहिजे होता. ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांच्या तोंडावर म्हणायला पाहिजे होता. पण शेकोटीपाशी, त्या म्हाताऱ्यासमोर, माझं 'आम्ही' कुणाला बाहेर ठेवत होतं? मोर्चात आपण 'दलित-आदिवासी' असं एका दमात ओरडतो, मधे छोटी रेघ देऊन. त्या रेघेवरून चालत पलीकडं गेलेत किती? पलीकडच्या भाषेतले दहा शब्द तरी कुणाला येतात? मला येत नव्हते, म्हणून वही माझ्या हातात असताना तिथं अन्याय माझ्या अक्षरात झाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्याच्या हातात वही, भाषा शिकायची जबाबदारी त्याची. मास्तराची, कारकुनाची, नर्सची, रेंजरची, आणि कार्यकर्त्याचीसुद्धा. मेळघाटात शिबिर घ्यायला निघालात तर पत्रकं मागून पाठवा, आधी शंभर कोरकू शब्द घेऊन जा. चुकीचे बोला. लोकांना हसू द्या. आजवर ते आपल्या शब्दांत हास्यास्पद झाले, थोडे दिवस आपण त्यांच्या शब्दांत होऊ. सिता म्हणताना दचकाल, समुद्र सांगताना मीठ चाखावं लागेल. तुमच्या तोंडून एखादा नवा शब्द पडेल तेव्हा कळेल की कविता म्हणजे काय होतं.

दिवाळीनंतर मी परत गोदीत आलो. निघताना ती बाई दिसली, भाऊ बरा होऊन कामावर आला होता. मी दोन्ही हातांची बोटं तिला दाखवली, दहा. ती म्हणाली, "गेल." मी म्हणालो, "गेल." ती हसली. मी निघालो म्हणून 'गेला' म्हणतेय, की दहा म्हणतेय, कोण जाणे. दोन्ही लागू होतं.

आता तुमची पाळी. बोटं दुमडा आणि मोठ्यानं म्हणा : मिया, बारी, आफई, उफून, मोनोय, तुरुय, एय, इलार, आरेय, गेल.

अकरा कसं म्हणायचं ते तिथं जाऊन विचारा.